खाचेतला खडा

गाडी मेन स्टँडवर चढवायची, न्यूट्रलमध्ये आहे ना ते बघायचं आणि मागचं चाक हातानं हळूहळू फिरवत नक्षीच्या खाचांमध्ये काय काय अडकलंय ते न्याहाळत बसायचं. माझा हा रविवारचा कार्यक्रम सिडकोतल्या आमच्या गल्लीला आता पाठ झाला आहे. पूर्वी जाणारे-येणारे थांबून विचारायचे, "पंक्चर का सर?" नाही म्हटलं की त्यांचीच पंचाईत व्हायची. पंक्चर नसताना धडधाकट माणूस टायरपुढं अर्धा तास का बसतो, हे काही केल्या उमगायचं नाही. आता विचारत नाहीत. समोरच्या घरातल्या काकू मात्र गॅलरीतून कपडे वाळत घालताना हाक देतात, "आज काय सापडलं?"

सापडतं बरंच. आठवडाभर गाडी कुठं कुठं गेली ते टायर बघून सांगता येतं. माझी शाळा खुलताबादकडं, त्यामुळं रोजची वाट ठरलेली: नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर आणि मग देवगिरीला वळसा घालून घाट. या वाटेवरचा खडा काळा, टोकदार, हरभऱ्याहून जरा मोठा. अधूनमधून तांबूस मुरमाचा वाळलेला लपका, तो नखानंही निघतो. पैठणला कुणाच्या लग्नाला जाऊन आलं की खाचेत उसाच्या पाचटाचे धागे असतात आणि काळ्या रानातून वर येणारे पांढरट चुनखडीचे खडे. सिल्लोडकडची फेरी झाली असेल तर सरकी चिकटलेली असते आणि वेड्या बाभळीचा काटा असतो, अर्धा मोडून आत राहिलेला. शहरातल्या शहरात फिरलो तर काच, बांगडीचे तुकडे, बाटलीच्या बुचाचा पत्रा. एकदा चकचकीत पांढरा मणी निघाला. काकू म्हणाल्या, सोनाराला दाखवा. ॲल्युमिनियमचा होता.

तरी बहुमत काळ्या खड्याचंच, आणि त्याला इलाज नाही, कारण आमच्या पायाखाली दुसरा दगडच नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी या मुलखात लाव्हारसाचे पूर एकामागून एक आले, एकावर एक थिजत गेले आणि पायऱ्यापायऱ्यांची ही सगळी टेकाडं उभी राहिली. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी गावाच्या जागी शहर वसवलं ते याच कातळावर. त्याच्या आठेकशे वर्षं आधी, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, वेरूळच्या कारागिरांनी हाच बसाल्ट माथ्याकडून पायाकडं कोरत आणून कैलास लेणं मोकळं केलं. देवगिरीचा डोंगर चहूबाजूंनी तासून त्याचा सरळ कडा केला आणि पायथ्याशी खंदक खोदला, तोही याच खडकात. आज शहराबाहेरच्या क्रशरमध्ये हाच दगड डबर म्हणून आत जातो आणि ४० मिलिमीटर, २० मिलिमीटर, १० मिलिमीटर अशा मापांची खडी होऊन बाहेर पडतो. चाळणीखाली उरते ती कच.

कोरणाऱ्याला जो गुण उपयोगी पडला तोच टायरला नडतो. या दगडाचा कण बारीक आणि वीण घट्ट. तो भुगा होऊन ढासळत नाही, धार घेऊन फुटतो. नदीतल्या गोट्यानं पाण्याबरोबर कितीतरी वर्षं घालवलेली असतात, त्याचे कोपरे केव्हाच गेलेले असतात. क्रशरची खडी आदल्या दिवशी फुटलेली असते. लेण्यांची वाट धरून निघालेला पर्यटक ज्या दगडापुढं हात जोडणार असतो, त्याचाच एक कपचा त्याच्या गाडीच्या मागच्या चाकात बसून त्याच्याबरोबर वेरूळला पोचतो. मला यात गंमत वाटते. ज्याचं पंक्चर होतं त्याला अर्थातच वाटत नाही.

दगड आणि चाक यांची गाठ इकडं फार जुनी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याची 'पेरिप्लस' नावाची टिपणवही प्रसिद्ध आहे. तिच्यात पैठणचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवरचं हे नगर, आणि तिथून अकीकासारखे मौल्यवान दगड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मोठमोठ्या टापूंमधून भडोचला नेले जात. म्हणजे गाडीत दगड, गाडीखालीही दगड. त्या गाडीवानांनी दर मुक्कामाला बैल सोडल्यावर आधी चाकाकडंच बघितलं असणार. आरा सैल झालाय का, तुंब्याला चीर गेलीय का, कणा तापलाय का. माझ्या रविवारच्या उद्योगाला दोन हजार वर्षांची परंपरा आहे, असं मी काकूंना सांगून बघितलं. त्यांनी चिमटे मोजायला सुरुवात केली.

हवा भरलेलं चाक त्या मानानं कालपरवाचं. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉयड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेची रबरी नळी बसवली. पोराला दगडी रस्त्यांवरचे दणके बसत होते, एवढंच कारण. दणके थांबले, पण त्या दिवसापासून चाकाला जखम होऊ लागली. लाकडी चाक झिजतं, तडकतं, मोडतं. टोचतं फक्त हवेच्या चाकाला.

आणि ते टोचणं एका दणक्यात होतच असं नाही. टायर जमिनीला टेकतो तिथं सगळा भार त्या तळहाताएवढ्या जागेवर येतो, खडा खाचेत दाबला जातो आणि रबर त्याला दोन्हीकडून आवळून धरतं. बाकीचं काम फेऱ्यांवर सोडून द्यायचं. १७ इंची चाकाची गाडी एक किलोमीटर जाते तेव्हा चाकाचे साधारण साडेपाचशे फेरे होतात. तितक्या वेळा तो खडा माझं, माझ्या डब्याचं आणि मागं बसलेल्या सहकारी गुरुजींचं वजन डोक्यावर घेऊन खाली दाबला जातो. शहरातून खुलताबाद पंचवीसेक किलोमीटर. म्हणजे सकाळच्या प्रार्थनेला पोचेपर्यंत तेरा-चौदा हजार दाब. गुरुजींचं वजन मी इथं सांगत नाही.

पावसात हे काम अधिक सोपं होतं, अर्थात खड्याला. ओलं रबर कोरड्यापेक्षा पटकन कापलं जातं. पाणी धारेला वंगणासारखं लागू पडतं, म्हणून पावसाळ्यात पंक्चरच्या दुकानांपुढं गाड्या रांगेनं उभ्या दिसतात. त्यातच पाणी डांबराची पकड सोडवतं, वरची बारीक खडी सुटी होते आणि वाहनांच्या वाऱ्यानं वळणावळणांवर कडेला जमा होते. खड्ड्याची आपण सगळेच तक्रार करतो, त्याचे फोटो छापून येतात, त्यात रोपं लावून आंदोलनं होतात. पण खड्डा निदान दिसतो. घाटातल्या वळणावर पसरलेली सुटी खडी चाक घसरल्यावरच कळते. माझ्या मते दुचाकीस्वाराला ती खड्ड्याहून वाईट आहे, आणि तिच्यातली बरीचशी रस्त्याची नसतेच, ताडपत्री न बांधता निघालेल्या हायवा डंपरमधून सांडलेली असते.

हे मला शिकवलं ते मिटमिट्याच्या अलीकडं पंक्चर काढणाऱ्या चाचांनी. एक टपरी, एक कॉम्प्रेसर, पाण्याचं अर्धं कापलेलं पिंप, दोन टाम्या, कानस, सोल्यूशनचा डबा. बाहेर खांबाला टांगलेला जुना टायर, त्यावर चुन्यानं रंगवलेला बाण. चाचा टायरची एक बाजू टामीनं रिमवरून उतरवतात, ट्यूब ओढून काढतात, हवा भरून पिंपात बुडवत जातात आणि बुडबुडा दिसला की तिथं बोट दाबून ट्यूब वर काढतात. इथपर्यंत सगळेच करतात. चाचांचं वेगळेपण पुढं आहे. ट्यूबला पॅच लावून झाल्यावर ते कापसाचा बोळा घेतात आणि टायरच्या आतून पूर्ण गोल फिरवतात. कुठं काही टोक आत आलेलं असेल तर कापूस तिथं अडकतो. "उंगली फिरायेंगे तो उंगली कटती सर," ते म्हणतात, "कपास कू कुछ नै होता." गिऱ्हाइकाला घाई असते. तो म्हणतो, काढलं ना पंक्चर, बसवा आता. चाचा ऐकत नाहीत. बोळा फिरल्याशिवाय टायर वर चढत नाही.

त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाचेतले खडे उकरत होतो. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "खोदो नक्को सर. आधे पत्थर खुद गिर जाते." मग त्यांनी वर्गवारी करून दाखवली, आणि ती मी आजवर कुठल्याही पुस्तकात इतकी नीट वाचलेली नाही. गोल खडा वरवर बसलेला असतो, गाडी पळाली की आपसूक उडून जातो, त्याला हात लावायचा नाही. टोकदार खडा उभा रुतला असेल तर बोथट टोकानं बाजूनं उचकटून काढायचा, रबर ओरबाडायचं नाही. काढल्यावर तिथं साबणाचं पाणी लावायचं आणि थोडं थांबायचं. फेस फुगला नाही तर विषय संपला. खिळा किंवा तार रुतलेली दिसली आणि टायर ट्यूबलेस असेल, तर रस्त्यात ती ओढून काढण्याची मर्दुमकी करायची नाही. ती आत आहे तोवर भोक बरंचसं बुजलेलं असतं, हवा हळू जाते, दुकान गाठता येतं. काढली की तिथंच बसावं लागतं.

कापांचंही तसंच. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. वर नक्षीचं जाड रबर, त्याखाली नायलॉनच्या दोऱ्यांचे थर, रिमला धरून ठेवणारी कडेची तार आणि बाजूला पातळ भिंत. हवेचा दाब खरा पेलतात ते दोरे. रबर त्यांचं पांघरूण आहे. त्यामुळं काप किती लांब आहे यापेक्षा तो कुठवर गेलाय हे महत्त्वाचं. वरच्या रबरात बोटभर लांब ओरखडा असला तरी तो दिसायलाच भयंकर. आणि भिंतीतल्या तांदळाएवढ्या चिरेतून पांढरा धागा डोकावत असेल तर तो टायर संपला. मधल्या प्रकारचे काप असतात ते फसवे. रबर चिरलंय, दोरा दिसत नाही, पण चीर दाबून उघडली की आत माती गेलेली दिसते. माती आत गेली की प्रत्येक फेऱ्याला ती घासते, पाणी मुरतं आणि रबर दोऱ्यापासून सुटायला लागतं. अशा चिरेभोवती मी खडूनं गोल करून ठेवतो आणि पुढच्या रविवारी ती वाढली का ते बघतो. शिक्षक असल्यानं खडूची ददात नाही.

या शहरात हे सगळं ज्ञान घरोघरी असायला हवं, असं मला वाटतं, कारण दुचाकी हे इथलं पीक आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि आसपासच्या खेड्यांतल्या माणसांच्या दिवसाचे पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी असे भाग पडले. अर्ध्या सिडकोच्या घरांचे हप्ते त्या पाळ्यांवर फिटले. इथं बनणाऱ्या गाड्या जहाजांनी आफ्रिकेत जातात. त्यांतली बॉक्सर तिकडं घराघरांतलं नाव आहे. नायजेरियात भाड्याच्या मोटरसायकलीला ओकाडा म्हणतात, युगांडात बोडाबोडा. तिघं-तिघं माणसं, केळीचे घड, कोंबड्यांचे पिंजरे घेऊन त्या लाल मातीच्या रस्त्यांवर धावतात. कंपालाच्या एखाद्या वळणावरही कुणीतरी झाडाखाली टायर उतरवून बसलेला असेल. त्याच्याकडं कापसाचा बोळा असेल का, याची मला उत्सुकता आहे.

टायरचा कारखानाही आमच्याकडं आहे. गुडइयरचे मोटारींचे टायर वाळूजला बनतात. ज्याच्या नावानं ती कंपनी ओळखली जाते त्या चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली आणि १८६० मध्ये तो कर्जात बुडूनच वारला. कंपनी १८९८ मध्ये निघाली, दुसऱ्याच माणसांनी काढली, त्याला आदरांजली म्हणून नाव तेवढं लावलं. कच्चं रबर मऊ असतं, उन्हात चिकट होतं, थंडीत कडक. त्याला दगडावर चालण्याजोगं केलं ते या माणसानं.

जळगाव रस्त्याचं चौपदरीकरण चालू होतं ती काही वर्षं आमच्यासाठी टायरची विद्यापीठीय परीक्षा होती. जुना रस्ता उखडलेला, नवा झालेला नाही, मध्ये मैलोन् मैल उघडी खडी. अजिंठ्याची लेणी बघायला जगभरातून माणसं येत होती आणि फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव करत फर्दापूरला पोचेपर्यंत त्यांची हाडं खिळखिळी होत होती. त्या खडीतून मोटरसायकल चालवायची म्हणजे हँडल घट्ट धरायचं नाही, हे तिथंच शिकता आलं. पुढचं चाक डुलतं, त्याला डुलू द्यायचं, पुढचा ब्रेक विसरायचा आणि एक्सलरेटर एका जागी धरून ठेवायचा. त्या काळात चाचांचा कापसाचा खर्च वाढला होता म्हणे.

आता शहरात पुष्कळ रस्ते काँक्रीटचे झालेत. त्यांच्यावर खडी सुटत नाही; खाचा रिकाम्या राहतात आणि रविवारी काकूंना सांगण्यासारखं काही उरत नाही. पण काँक्रीट टायरला शांतपणे घासतं आणि उन्हाळ्यात तापवतं. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला मनाईच आहे, त्यामुळं तिथला प्रश्न आमचा नव्हे. पुलाखालून जाताना वर सणसण जाणाऱ्या मोटारींचा आवाज येतो तेवढाच संबंध. घाटातला माझा रस्ता मात्र जुन्याच स्वभावाचा आहे. देवगिरीच्या तटबंदीतल्या दरवाजातून गाडी बाहेर पडते, वळण येतं आणि चाकाखाली ओळखीची करकर सुरू होते. कधी खडा मोठा असला तर सावकाश चालवताना टिक, टिक, टिक असा आवाजही येतो, वेग वाढला की एकजीव होतो. मागं बसलेले गुरुजी विचारतात, "काही बिघडलंय का?" मी सांगतो, "एक प्रवासी वाढलाय."

हवेचं तेवढं सांगायचं राहिलं. खडा रुततो त्यात निम्मा दोष कमी हवेचा असतो. हवा कमी असली की टायर पसरतो, भिंत वाकते आणि खड्ड्याची कड बसली तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटून साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. जास्त हवा भरणारेही असतात. त्यांचा टायर ताठ होतो, मधोमध झिजतो आणि खडीवर उड्या मारतो. गाडीच्या चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर कंपनीनं आकडा लिहिलेला असतो. एकट्याचा वेगळा, डबलसीटचा वेगळा. टायर थंड असताना, घरून निघाल्यावर लगेचच्या पंपावर तो भरून घ्यावा.

पावसाळा संपला की दिवाळीच्या आधी एकदा दोन्ही टायर उतरवून आतून बघून घ्या. कापसाचा बोळा फिरवायला सांगा, दुकानदार कंटाळला तरी सांगा. रिमच्या आतली रबरी पट्टी फाटली असेल तर आऱ्यांची टोकं ट्यूबला टोचतात, तिचं मोल फार नाही, बदलून टाका. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नवा टायर घेताना ते वाचूनच पैसे द्या, कारण दुकानात पडून राहिलेलं रबरही म्हातारं होतं. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजत त्यांच्या पातळीला आली की टायरची मुदत भरली. बारीकसारीक ओरखड्यांची काळजी करू नका. आणि बाजूच्या भिंतीवर फुगवटा दिसला तर समजा की आतले दोरे तुटले आहेत. त्याला पॅच नाही, जुगाड नाही, गावापर्यंत जाऊ दे नाही. चाचांनाही विचारू नका. टायर बदला.